डावीकडे मार

तापलेल्या कृत्रिम गवताचा रबरी वास आला, की मला मस्कतमधली ती पेनल्टी आठवते. आमच्या शाळेच्या फुटबॉल टीममध्ये आम्ही तिघे मराठी होतो: मी, कॅप्टन आणि गोलकीपर. समोरच्यांना कळू नये म्हणून मैदानात आम्ही मराठीतच ओरडायचो. ही युक्ती गोलकीपरचीच. तो मस्कतच्या अझैबा भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. सीझनच्या तोंडावर एका बड्या खाजगी शाळेने फी माफ करून त्याला उचललं, आणि सेमीफायनलला तो आमच्याविरुद्ध गोलमध्ये उभा राहिला. आमचे पालक "चीटिंग! चीटिंग!" ओरडत होते आणि त्याची आई एका कडेला मान खाली घालून बसली होती. माझ्याही डोक्यात राग नुसता खदखदत होता. शेवटच्या मिनिटाला, बरोबरी असताना, आम्हाला पेनल्टी मिळाली. मी बॉल ठेवला तेवढ्यात कॅप्टन सवयीने ओरडला, "डावीकडे मार रे!" आणि लगेच त्याने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. गोलकीपरने ग्लोव्हज घट्ट केले आणि माझ्याकडे रोखून बघत हळूच म्हणाला, "मी काही ऐकलं नाही. तू मार." घामाने डोळे चुरचुरत होते. शाळा सोडून गेलेल्याच्या शब्दावर कसला विश्वास ठेवायचा? शिट्टी वाजली, मी उजवीकडे मारला. तोही त्याच बाजूला झेपावला आणि त्याने बॉल छातीशी कवटाळला. डावीकडचा अख्खा गोल मोकळा पडला होता. तो शब्दाला जागला, की मला पुरता ओळखून होता, हे मला आजही ठरवता येत नाही.