पहिल्या हळदीचा मान

गेल्या वर्षी माझा नवरा मेला, तेव्हा माझा नवरा माझ्या शेजारी बसून भाकरी खात होता. मेला तो मालिकेतला. जेवत होता तो खरा, मिरजेत औषधांचं दुकान असलेला. त्याने टीव्हीवरच्या मयताकडे बघितलं, आमटीची वाटी पुढे सरकवली आणि विचारलं, "मला झालं काय होतं?"

"तुला वेबसिरीज मिळाली," मी म्हटलं.

खरं कारण तेच होतं. त्या नटाला दुसरं काम मिळालं, म्हणून लेखकाने त्याला गाडीसकट घाटातून खाली सोडला. हा लेखक म्हणजे अंधेरीतला एक पोरगा. ऊस त्याने रसाच्या गाड्यावरच पाहिलेला. मी पलूसकडची, उसाच्या फडाशेजारी वाढलेली, आणि साताऱ्याजवळच्या आमच्या सेटवर येऊन हा मला गावाकडचं बोलणं शिकवायचा. "मॅम, प्रत्येक वाक्यात एक 'लय' टाका ना." टाकला. पोट भरायचं म्हणजे काय काय टाकावं लागतं.

माझ्या कारकिर्दीबद्दल लोक फार आदराने विचारतात, म्हणून सांगून टाकते. सांगलीत नाटकं केली, ती बरी होती. मग सिनेमे. एकात माझ्याच वयाच्या हिरोची आई झाले. दुसऱ्यात माझी फक्त पाठ राहिली, तोंड एडिटिंगला गेलं. मग मालिका आली आणि मी घराघरांत पोचले. घराघरांत पोचणं म्हणजे बाजारात भाजी घेताना अनोळखी बाईने दंडाला चिमटा काढून "टीव्हीत जाड दिसता" म्हणणं.

तर नवरा मेला आणि बांगड्या फोडायचा सीन आला. भिंतीवर हात आपटायचा, बांगड्या फुटायच्या, कपाळ पुसायचं. दिग्दर्शक मॉनिटरमागून ओरडत होता, "अजून थोडं दुःख द्या!" जसं काही मी वाढप्याचं काम करत होते. दिलं. पडद्यावर तो हात तीन वेळा आपटला, मागे विजा कडाडल्या. लोक ढसाढसा रडले म्हणे. रडोत बापडे.

नेमका त्याच आठवड्यात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. पोरीने साखरपुड्यालाच माझा हात धरून वचन घेतलं होतं, "आत्या, पैली हळद तूच लावायची." लहानपणापासून ती माझ्याच कुशीत झोपलेली. मालिकेतल्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मला तो मान मोठा होता. निर्मात्याशी भांडून मी सुट्टी घेतली.

गावाच्या वळणावरच फ्लेक्स. वधूवर खाली कोपऱ्यात, बिचारे एवढेएवढेसे, आणि वर मी, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली. 'सुप्रसिद्ध सिने व मालिका अभिनेत्री यांची प्रमुख उपस्थिती.' लावला होता थोरल्या काकींनी. मी पहिल्यांदा नाटकात उभी राहिले तेव्हा "पोरगी नाचायला लागली" म्हणून साऱ्या भावकीत बोंब मारणाऱ्या त्या ह्याच. आता त्यांना माझ्या नात्याचा केवढा पुळका!

मांडवात पोरगी पाटावर बसली. हळदीची वाटी आली, आंब्याची पानं आली. मी पदर खोचून पुढे झाले, तशी काकींनी वाटी उचलून मागे घेतली.

"तू ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

"का?"

"तसं काय न्हाई गं. पर परवाच साऱ्या गावानं बगितलंय. बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं. पोरीचं शुभकार्य हाय. पाच सवाष्णी हायत्या की लावायला."

मला आधी हसूच आलं. मांडवाच्या दाराशी माझा नवरा माझ्या भावाशी गप्पा मारत जिलेबी खात होता. मी बोट दाखवलं. "काकी, तो बघा. दुसरी जिलेबी घेतोय."

सगळ्या बायकांनी वळून त्याच्याकडे बघितलं. तो बावरला, जिलेबी ताटात ठेवली. एकीनेही बाजू घेतली नाही. माझ्यासोबत सेल्फी काढायला सकाळपासून रांग लावलेल्या ह्या बाया! पदवीधर होत्या त्यांत, एक तर शाळेत विज्ञान शिकवते. तीच म्हणाली, "उगं मनात शंका नको, ताई." पाटावरची पोर "आत्या" म्हणून उठायला लागली, तर तिला दोघींनी खांदे दाबून बसवली. पहिली हळद काकींच्या सुनेने लावली.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ह्या अडाण्यांसाठी मी रोज ग्लिसरीन डोळ्यांत घालते, असं वाटलं. तिथूनच गाडी काढून निघणार होते. चप्पल शोधत मागच्या दाराकडे गेले, तर तिथे भिंतीला टेकून आई बसलेली, नातीच्या हळदीकडे तिथून मान उंच करून बघत. माझे वडील फौजेत होते. मी पाचवीत असताना ते गेले. आईने माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता पोत्यावर सरकून जागा केली.

"बस हितं," ती म्हणाली. "हितनं बी दिसतंय."

मी बसले. दिसत होतं, पण निम्मंच, मधे मांडवाचा खांब येत होता.

थोड्या वेळाने फोटोवाला आला आणि काकींना माझी आठवण झाली. "ये की गं! समद्या खोळंबल्यात्या. फोटोला चालतंय." हळदीला अशुभ, फोटोला शुभ! मी ताडकन उठले, आईचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "येते. पण आई माझ्यासोबत येणार. नाहीतर मीही नाही."

काकी वाटीकडे बघत राहिल्या. आईने माझ्या मुठीतून हात सोडवून घेतला आणि पदर डोक्यावर नीट ओढला.

"तू जा बाई," ती हळूच म्हणाली. "तुझा मेलाय, त्यो खोटा हाय."