मावशींना हसवण्याची पैज

लाँड्रीत सगळ्यांचं एकमत होतं, की इस्त्रीवाल्या मावशी हसत नाहीत कारण त्यांना गर्व आहे. कपडे धुणारा तर म्हणायचा, "हसल्या तर चेहऱ्याला चुणी पडेल, मग ती कोण काढणार?" त्यानंच त्यांचं नाव 'कडक' पाडलं होतं.

गर्वबिर्व काही नव्हता. मावशी हसल्या की पडायच्या. पोटातून हसू आलं की आधी हनुवटी सैल व्हायची, मग गुडघे, आणि ओल्या चादरीसारख्या त्या जमिनीवर. शुद्ध मात्र जागेवर असायची. "चक्कर आली वाटतं, पाणी मारा", "उपाशी असणार, दुसरं काय" हे सगळं ऐकू यायचं, उत्तर देता यायचं नाही. तरुणपणी अशाच एका विनोदाला खदखदून हसल्या आणि हातातली तापलेली इस्त्री शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीच्या दंडावर पडली.

त्या दिवसापासून त्यांनी हसणंच टाकलं. कोणी विनोदाला तोंड फोडलं की त्या समोरच्या शर्टाच्या बटणावर नजर रोवायच्या आणि मनातल्या मनात एखाद्या मयताला जाऊन यायच्या. जेवता जेवता डोळा लागायचा, त्याला लोक आळस म्हणायचे, तेही गिळायच्या. घरच्यांनी मायेपोटी कहर केला. मावशींची चाहूल लागली की टीव्ही बंद, गप्पा बंद. "आली, आली, गंभीर व्हा." दारात चपला काढताना आतलं हसू विझलेलं त्यांना कळायचं. पडण्यापेक्षा तेच जास्त लागायचं.

शेवटी बहिणीच्या मुलीनं त्यांना झोपेच्या आजारांवर संशोधन चालतं त्या इस्पितळात ओढत नेलं. ही पोरगी सगळ्या गल्लीच्या नकला करायची. तिथं डोक्याला चिकट मलमानं वायरी लावून मावशींना दिवसभर पुन्हा पुन्हा झोपवलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "झोपेचाच आजार दिसतोय. हसल्यावर अंग लुळं पडणं त्यातलंच. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की माझी खात्री होईल, औषध सुरू करू. मग हसा पोटभर. यांना कोणी हसवेल का?"

भाची बाह्या सरसावून उभी राहिली. "मावशी, पैज. हरले तर तुझ्या केसांतलं हे सगळं चिकट मी धुणार."

"लागली," मावशी पलंगावर बसत म्हणाल्या. "आणि जिंक गं बाई."

भाचीनं लाँड्रीचा मालक उभा केला, पोट पुढे, मान मागे. "कॉलर म्हणजे गिऱ्हाइकाची इज्जत, मावशी. इज्जत जळता कामा नये." नर्स हसत हसत भिंतीला टेकली. मग भाचीनं डॉक्टरबाईंचीच नक्कल केली, तेव्हा डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मावशींची नजर मात्र नर्सच्या बटणावर जाऊन बसली होती. त्यांनी ती ओढून आणली. ती परत गेली.

"मावशी, हस ना."

"हसतेय की," मावशी म्हणाल्या. मग ओठ चाचपून पाहिले. "नाही का?"

भाचीनं सरसावलेल्या बाह्या खाली केल्या.

"पुढच्या वेळी बघू," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

न्हाणीघरात भाची कोमट पाण्यानं केसांतला एकेक गोळा सोडवत बसली. मावशी डोळे मिटून म्हणाल्या, "हरलीस ना? मग नीट चोळ. कानामागे राहिलंय."