गोजरबाईचा गडू

पिंपळगाव राजात वीज यायची होती. तोवर गावाचा आवाज शालिग्रामच्या बॅटरीवर चाले. लग्न कोणाचंही असो, भोंगा त्याचा. त्याची आई गोजरबाई मात्र एका गडूवर जगत होती. काशीहून आलेला, तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू. मरताना त्यातलं पाणी तोंडात घालायचं. नवरा कोरड्या तोंडानं गेला होता. आपण तसं जायचं नाही, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा.

पंजाबराव पाटलांच्या मुलीच्या लग्नात, मामाला बोहल्याकडे बोलावता बोलावता भोंगा घोगरा झाला आणि बसला.

"काऊन बे शाल्या, तुह्या भोंग्याले फेफरं आलं का?" पाटील गरजले. त्यांना भोंग्याची गरज नव्हतीच.

शालिग्रामनं बॅटरीची बुचं उघडली. आत कोरड. विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं बॅटरी मरते, हे त्याला ठाऊक होतं. तिचं वेगळं पाणी खामगावला मिळे. उरलेलं ज्ञान त्यानं श्रद्धेनं भरून काढलं. जे पाणी वर्षानुवर्षं नासत नाही, त्याहून शुद्ध ते काय असणार?

तो घरी धावला. "माय, बॅटरी मरून राह्यली. गडू दे."

"तो माह्या मरणाचा हाये."

"तुले अजून टाइम हाये ना!"

पेचकसानं त्यानं झाळ फोडली आणि भरमांडवात बॅटरीला गंगा पाजली.

"तुळशीचं पानही ठेव बे तिच्या तोंडात," पाटील म्हणाले. मांडव हसला. भोंगा एकदा गुरगुरला आणि कायमचा गेला. बॅटरी तहानेनं नव्हे, म्हातारपणानं मेली होती. मंगलाष्टकं उघड्या गळ्यानं झाली; कोणाचं काही अडलं नाही.

पुढं भंगारवाल्यानं शिशासाठी बॅटरी नेली. नेताना आतलं पाणी अंगणात ओतलं. तिथली कण्हेर जळाली, गवतही उगवेना. शेजारची वच्छलाबाई जाता-येता म्हणे, "गोजरामाय, भाग्याची हायेस वं! गंगा तुह्या अंगणात आली."

गोजरबाई अंथरुणाला खिळली, तेव्हा शालिग्राम तोच गडू घेऊन उशाशी बसला.

"घे माय, गंगा."

"कुठली?"

"काशीची. मांगवली मी."

तिनं दारातून त्या उघड्या, करपलेल्या मातीकडे पाहिलं.

"तुह्या बॅटरीले पाज," म्हणाली आणि तोंड मिटलं.

दात एकही नव्हता, तरी ओठ उघडले नाहीत. विहिरीचं पाणी हनुवटीवरून ओघळून गोधडीत जिरलं.