कमिशनचे पेढे

"यू कॅन रीड इंग्लिश, राईट?"

फायनान्स मॅनेजर मोठ्याने बोलला. मुद्दाम. शनिवार सकाळ, शोरूम भरलेलं. एक फॅमिली शेजारच्या व्हॅनमध्ये बाळाची कार सीट बसते का बघत होती, ते पण थांबले. माझ्या हातात माझ्याच लोनचे दोन कागद. एकावर बँकेने मला मंजूर केलेला रेट, सात टक्के. दुसऱ्यावर मी सही केलेला, साडेनऊ. मी एवढंच विचारलं होतं की मधले अडीच टक्के कुणाचे?

त्याच्या बाजूला सुहासदादा उभा. ज्याने मला ही गाडी विकली. तो माझ्याकडे न बघता मराठीत हळूच म्हणाला, "अगं, तुमच्या लोकांना कुणी दारात उभं करत नाही. गाडी मिळाली ना? मग?"

तुमच्या लोकांना.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर कळणार नाही.

मी नागपूरची. इथे कॅनडातल्या केंब्रिजला गाड्या बनवायच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. गाड्या तपासते दिवसभर, आणि माझ्याकडेच गाडी नव्हती. सकाळची शिफ्ट, तेव्हा तिकडे बस नाही. एक पूर्ण विंटर दुसऱ्यांकडे राईड मागत काढला. रोज कुणालातरी सॉरी, रोज कुणालातरी थँक यू. मग इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, गाडी घ्यायचीये, कुणी ओळखीचं आहे का? दहा जणांनी एकच नंबर पाठवला. सुहासदादा. आपला माणूस आहे, बिनधास्त जा.

गेले. "नागपूर? वा वा. नागपुरात कुठे?" सांगितलं. "आडनाव?" सांगितलं.

तो एक सेकंद थांबला.

तो सेकंद मला ओळखीचा आहे. शाळेत भेटलाय, कॉलेजात भेटलाय, पुण्यात रूम शोधताना तर प्रत्येक दारात भेटलाय. मला वाटलं होतं विमानात बसला नसेल.

"अच्छा, अच्छा. बस ना," तो म्हणाला. आणि मी बसले. आता खरं सांगते, हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या सेकंदानंतर मी नेहमी जरा जास्तच चांगली वागायला लागते. हळू बोलते. प्रश्न विचारत नाही. आत येऊ दिलं हेच उपकार, असं अंगात भिनलंय.

सह्या करताना एकदाच विचारलं, "दादा, रेट थोडा कमी होईल का?"

"अगं, रेट बँक ठरवते, आपल्या हातात काय? तुला क्रेडिट हिस्टरी नाही. मी शब्द टाकला म्हणून झालं."

टॅब्लेटवर बोटाने सह्या. इथे, इथे, इथे. थँक यू दादा.

घरी आले आणि बेसमेंटच्या त्या एवढ्याशा किचनमध्ये मिल्क पावडरचे पेढे केले. आईने दिलेल्या स्टीलच्या डब्यात भरले आणि नेऊन दिले त्याला. नव्या गाडीचे. "ठेव, ठेव तिथे," म्हणाला. दोन आठवड्यांनी विंटर टायर लावायला गेले तर डबा तिथेच, काउंटरच्या मागे. उघडलेला पण नाही. मी मनात म्हटलं, शुगर असेल त्याला.

शुगर असेल! एवढी मी समजूतदार.

मग एक दिवस लंचला मॉरीन, लाईनवर माझ्या शेजारी उभी राहते ती, तिने माझा हप्ता ऐकला आणि सँडविच खाली ठेवलं. "हनी, दॅट्स हाय." तिनेच समजावलं की बँक एक रेट देते, डीलर त्याच्यावर स्वतःचा चढवतो, आणि त्या चढवलेल्यातला वाटा बँक त्यालाच देते. कमिशन. मला कुणी हा शब्दच सांगितला नव्हता. ती म्हणाली, बँकेला लिही, माझ्याबद्दल जेवढं आहे तेवढं सगळं पाठवा. लिहिलं. महिन्याने पाकीट आलं. त्यात ते दोन कागद.

म्हणून त्या शनिवारी शोरूममध्ये उभी होते.

आणि काय सांगू, मॅनेजरने ते रीड इंग्लिश म्हटलं ना, तेव्हा माझ्या तोंडात सॉरी आलं होतं. अगदी जिभेवर. पण आमच्या लाईनवर एक दोरी असते. काही चुकीचं दिसलं की ओढायची, सगळी लाईन थांबते. ओढणाऱ्याला कुणी ओरडत नाही, उलट विचारतात, काय दिसलं तुला? एका ओरखड्यासाठी मी अख्खी लाईन थांबवते. आणि स्वतःसाठी सॉरी?

म्हटलं, "येस, आय कॅन रीड. आता तुम्ही वाचा. ही ओळ. मोठ्याने."

डीलर कमिशन, असं लिहिलं होतं. त्याने नाही वाचलं. व्हॅनवाल्या बाईने नवऱ्याला विचारलं, "आपला रेट कुणी ठरवला?"

मी सुहासदादाला म्हटलं, "माझा डबा द्या." पेढे तसेच होते, बुरशी आलेली. घेऊन आले.

मग त्यांचा ईमेल आला. अर्धे पैसे परत देतो, सही करा की कुठे बोलणार नाही. पाठोपाठ सुहासदादाचा फोन. "मंडळाच्या गणपतीचा बॅनर आमच्या शोरूमचा असतो, माहितीये ना? लोक तुलाच नावं ठेवतील. आपल्यातल्या आपल्यात मिटवू."

"दादा, त्या दिवशी तर तुमचे लोक म्हणालात. मी आपल्यात कधी आले?"

"तू फार मनाला लावून घेतेस."

सही नाही केली. दोन्ही कागदांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले. खाली एकच ओळ, तुमचा रेट बँकेकडून तपासा. जातीचा एक शब्द नाही लिहिला. दहा मिनिटांत कुणीतरी लिहिलं, "इथे जातीचं राजकारण नको." मग ॲडमिनने मला काढून टाकलं. पण चार जणांनी प्रायव्हेट मेसेज केला. माझा पण साडेनऊ आहे. प्लीज माझं नाव घेऊ नको.

चिडचिड होते. फुकट सल्ला देणाऱ्या लीगल क्लिनिकमधली बाई म्हणाली, हे सिद्ध करणं सोपं नाही, तू सही केलीयेस, वेळ जाईल, हरशील पण कदाचित. हप्ता अजून तोच कापला जातो. गणपतीला यंदा मला बोलावणं नाही.

नको तर नको.

स्मॉल क्लेम्स कोर्टाचा, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाचा, फॉर्म आज भरला. सगळ्यात आधी आडनावाचा रकाना येतो. मी एक सेकंद पण थांबले नाही. लिहिलं, कॅपिटलमध्ये, ठळक. आता सुहासदादाला हे आडनाव कोर्टाच्या कागदावर वाचायला लागेल, आणि खाली उत्तर लिहायला लागेल. अर्धे पैसे मी घेणार नाही. गप्प पण बसणार नाही. डबा घासून ठेवलाय. तिथे परत जाणार नाही तो.