आईची ओटी आणि पत्र्याची होडी

माझ्या आईचं एका धरणाशी भांडण होतं. माणसाशी असतं तर कधीच मिटलं असतं, कारण आई रागावते पटकन आणि विसरते त्याहून पटकन. पण नाथसागरानं तिचं अख्खं माहेर पोटात घातलं होतं, आणि एवढं मोठं पाणी काही माफी मागायला मुकुंदवाडीत येत नाही.

गाव बुडालं तेव्हा ती परकरातली पोर होती. गावाला वर माळावर नवी जागा मिळाली. आईचं लग्न तिथूनच झालं आणि मामा अजून तिथंच राहतो. पण आईच्या लेखी ते तिचं माहेर नव्हतं. "हे दादाचं घर, माझं माहेर नाय," असं ती मामाच्याच ओसरीवर बसून, मामीच्याच हातचा चहा पिता पिता सांगायची. नुसतं सांगून थांबली असती तरी चाललं असतं. निघताना मामी तांदूळ, नारळ आणि खण घेऊन ओटी भरायला यायची आणि आई पदर कमरेला घट्ट खोचून घ्यायची. माहेरची ओटी माहेरच्याच घरात भरतात, घर पाण्यात आहे, विषय संपला. लग्न झाल्यापासून एकदाही तिनं भावाच्या घरची ओटी घेतली नव्हती. मामीचे तांदूळ दर वेळी डब्यात परत जायचे. मामा वरवर हसायचा, पण आम्ही गेल्यावर तो दिवसभर जेवत नाही, हे मामीनं मला एकदा हळूच सांगितलं होतं.

आईचा राग मोठा शिस्तीचा होता. धरणातला मासा ती खायची नाही. बाजारात मासेवालीला "धरणाचा नाय ना?" असं दरडावून विचारायची, आणि ती बाईही "छे छे, आपल्याकडं तसला मालच नाय" म्हणत धरणातलाच रोहू तराजूत टाकायची. आमच्या शहराच्या नळाला येतं ते पाणीही त्याच धरणाचं. ते येतं केव्हातरी, त्याच्या मर्जीनं, आणि आलं की आई पहाटे उठून ड्रम, घागरी, पातेली, चहाची किटलीसुद्धा भरून ठेवते. मी एकदा म्हटलं, अगं, हे तेच पाणी आहे. तर म्हणाली, "नळाचं पाणी येगळं असतं." चिकलठाण्याच्या कारखान्यात माल तपासणं हे माझं काम आहे, चुका काढायचा पगार मिळतो मला, पण या वाक्यातली चूक काढायची माझी कधी छाती झाली नाही.

मामाचं मात्र पाण्याशी गूळपीठ होतं. तो आणि त्याचे लहानपणापासूनचे दोस्त, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, या दोघांची मिळून एक पत्र्याची होडी होती. चाचांचं घरही त्याच गावातलं, त्याच पाण्यात गेलेलं. पण या दोघांनी भांडण न करता जाळं विकत घेतलं. दिवाळीच्या सुमाराला पाणी मामाच्या बांधापर्यंत येतं, तेव्हा चुलीवर तवा ठेवून मासा आणायला निघालं तरी चालतं. उन्हाळ्यात तेच पाणी लांब पळतं, आणि मागं राहिलेल्या काळ्या गाळात मामा टरबुजं आणि काकड्या लावतो. शेजारी शहरातल्या एका साहेबांनी पाणी दिसावं म्हणून दुमजली बंगला बांधलाय. प्लॉट त्यांनी ऐन दिवाळीत पाहिला होता. मे महिन्यात ते गॅलरीत खुर्ची टाकून मामाच्या काकड्या बघत बसतात.

या वर्षी मेमध्ये मामाचा फोन आला. गुडघे गेले होते, पोरं वाळूजला राहायला बोलावत होती, होडी विकायची ठरली होती. "बाई, एकदा चल," मामा म्हणाला. "तुला माहेराला नेतो. होडी गेल्यावर कोण नेईल?"

आईनं फोन या कानावरून त्या कानाला घेतला. मग म्हणाली, "होडीत बसंन. पण त्या पाण्याला हात लावणार नाय."

बाबा आमच्याबरोबर आले नाहीत. नळ यायचा दिवस होता आणि घरात कुणीतरी पाहिजे होतं.

मी आपली काळजीखोर. ट्रकची एक ट्यूब हवा भरून गाडीच्या टपावर बांधून नेली आणि आईला म्हटलं, ही अंगात घातल्याशिवाय होडी हलणार नाही. आश्चर्य म्हणजे तिनं घातली. हिरवं नऊवारी, नाकात नथ, डोक्यावर पदर आणि कमरेभोवती ट्रकची ट्यूब, अशी माझी आई काकड्यांच्या वाफ्यांमधून माहेरी निघाली. गॅलरीतले साहेब उठून उभे राहिले.

होडीत आम्ही पाच जण. चाचा वल्हं मारायला, मामा पुढं रस्ता सांगायला, मधे आई, मामी आणि मी. मामीच्या मांडीवर भाकरीची पिशवी होती आणि ती पिशवी तिनं इतकी जपून धरली होती की मला संशय आला. बोट घालून पाहिलं तर भाकरीखाली तांदळाची पुरचुंडी, नारळ आणि खण. मामीनं मला डोळा मारला. माझ्या पोटात हसू असं उसळलं की मी दुसरीकडं तोंड करून खोकले.

आणि मग, काय सांगू, पाणी! सकाळचं ऊन त्यावर नाचत होतं, बगळे आमच्याकडं ढुंकूनही बघत नव्हते, वारा पदरात शिरत होता. चाचांनी वाटेत लावलेलं जाळं ओढलं तर चिलापी माशांबरोबर एक चांगली हातभर मरळ निघाली. ती बादलीत टाकली, तिथंही ती थयथयाट करत राहिली. मरळ पाण्याबाहेरसुद्धा तासन्‌तास जिवंत राहते. चाचा म्हणाले, "ये मछली बाईच्या सारखी हाय. मानतीच नाय." आई खुदकन हसली, आणि आपण हसलो हे लक्षात येताच तिनं तोंडाला पदर लावला.

आता या होडीची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यामुळंच घडलं. मामा खुणेवरून गाव ओळखायचा. टेकडीवरचा मोबाईलचा टॉवर आणि पल्याडच्या गावाची पाण्याची टाकी एका रेषेत आली की होडीच्या डाव्या अंगाला, पाण्याखाली, गावचा मारुती. आणि मारुतीच्या बरोबर समोर, म्हणजे उजव्या अंगाला, पीरबाबाचा दर्गा. तिथं आले की मामा डावीकडं झुकून हात जोडायचा आणि चाचा त्याच वेळी उजवीकडं झुकून सलाम करायचे. दोन म्हातारे, दोन बाजू, होडी सरळ. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि दोघांपैकी कुणालाही कधी वजनाचा विचार करावा लागला नव्हता.

टॉवर आणि टाकी एका रेषेत आली. मामा म्हणाला, "मारुती आला." आणि डावीकडं झुकला. मामी झुकली. मी झुकले. आईचं पाण्याशी भांडण होतं, मारुतीशी थोडंच होतं? ती सगळ्यात जास्त झुकली. उजवीकडं चाचा एकटे, आणि चाचा म्हणजे हाडं आणि दाढी.

होडीनं काही ऐकून घेतलं नाही. ती डावीकडं कलली, आई ट्यूबसकट पाण्यात गेली, तिच्यामागं मामीची पिशवी गेली, आणि हलकी झालेली होडी शहाण्यासारखी पुन्हा सरळ झाली.

"वन्सं गेल्या!" मामी ओरडली. मी "आई!" म्हणून ओरडले. मामानं वल्हं पुढं केलं ते उलटं. चाचा अल्लाला आणि मारुतीला एकदमच हाका मारायला लागले. या सगळ्या गलबल्यात आई पाण्यात उभी राहिली.

खरंच उभी. कमरेएवढ्या पाण्यात. ट्यूब काखेत आलेली, नथ जागेवर, डोक्यावरचा पदर ओला पण डोक्यावरच. आम्ही सगळे तोंडं उघडी टाकून बघत राहिलो. तिथं दोन पुरुष तरी पाणी असायला हवं होतं.

सगळ्यात आधी मामा भानावर आला आणि किंचाळला, "बाई, पाय काढ! मारुतीच्या डोक्यावर उभी हायेस!"

"थांब," आई म्हणाली.

ती पायानं काहीतरी चाचपत होती. एक पाय पुढं, मग बाजूला, मग तिथंच गोल. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी आजवर पाहिलं नव्हतं.

"दादा, मारुतीपुढं उखळ कशाला असंल?"

मामानं हातातलं वल्हं खाली ठेवलं.

"दगडातलं उखळ हाय. माझा पाय मावतोय त्यात. एका अंगाला टवका उडालेला हाय."

तो टवका मामानं उडवला होता. लहानपणी ओट्यावर गोट्यांचा डाव हरल्यावर रागानं मुसळ आपटलं होतं, म्हणून मारही खाल्ला होता. मातीच्या भिंती केव्हाच विरघळल्या असणार, माळवदाची लाकडं तर निघतानाच काढून नेली होती. पण दगडाचं जोतं आणि त्यावरचा ओटा जागच्या जागी होता, आणि मामा इतकी वर्षं मारुती समजून आपल्याच घराला हात जोडत होता.

चाचांना हसू आवरेना. "म्हणजे यार, तू अपनेच घर को..." असं म्हणता म्हणता ते एकदम थांबले. "आन मग म्या कुणाला सलाम करतोय?"

आईनं पाण्यातूनच हिशेब लावला. तिच्या डोक्यात गाव अजून कोरडं होतं. "आमच्या घरासमोर? भाई, समोर पिठाची गिरणी होती."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "चलो, आटा तो सबको दिया उसने," म्हणाले आणि उजवीकडं वळून त्यांनी गिरणीला आणखी एक सलाम ठोकला.

मी इतकी हसले की होडी पुन्हा हलायला लागली. मामी हसत होती, मामा हसत होता आणि हसता हसता डोळे पुसत होता. आई मात्र आपल्या घरात रमली होती. ट्यूब सांभाळत ती ओट्यावर इकडून तिकडं हिंडत होती. "हितं बा बसायचे... हितं रांजण... हे दार." दारापाशी ती थांबली. हात लांब करून तिनं पाण्यात काहीतरी ढकलल्यासारखं केलं आणि एक पाऊल आत टाकलं. पाण्याला हात लावणार नाही, असं म्हटलेलं तिला आठवत नव्हतं, आणि आम्ही कुणी आठवण करून दिली नाही.

"चल आता, बाई," मामा म्हणाला. "वर ये. गारठशील."

"माहेराला आले आन चहा बी नाय?" आई म्हणाली.

थर्मास होडीतच होता. मामीनं कप भरून खाली दिला, आणि आईनं स्वतःच्या घरात उभं राहून, कमरेएवढ्या पाण्यात, सावकाश, फुंकर मारत चहा प्यायला. रिकामा कप वर देताना ती मामीकडं बघत म्हणाली, "वहिनी, निघते मी."

मामीला कळलं. तिनं पिशवीसाठी हात मागं नेला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवी केव्हाच तळाला गेली होती. तांदूळ माशांनी खाल्ले असतील. नारळ तेवढा लांब, लाटांवर डुलत, जालन्याच्या दिशेनं निघाला होता. इतक्या वर्षांनी आई पदर पसरून उभी होती आणि मामीचे हात रिकामे होते. ती रडकुंडीला आली.

"बादली हाय ना," मामा म्हणाला. त्यानं बादली मामीपुढं सरकवली.

मामीनं होडीच्या काठावरून वाकून, दोन्ही हातांनी धरून, ती जिवंत मरळ आईच्या ओटीत घातली. हळद नव्हती, कुंकू नव्हतं. आईनं डोळे मिटले. मरळीनं एकदा अंगाला पीळ दिला, एकदा शेपूट आपटली आणि पदरातून सुळकन उडी मारून पाण्यात नाहीशी झाली.

"अगं बाई, ओटी सांडली!" मामी कळवळून म्हणाली.

"सांडली कुठं?" आई म्हणाली. "घरातच तर गेली."

तिला वर घेताना होडी पुन्हा उलटता उलटता राहिली. या खेपेला चाचांनी आम्हा सगळ्यांना उजवीकडं बसवलं. भाकरी तर पिशवीबरोबर बुडाल्या होत्या, म्हणून घरी आल्यावर मामीनं नव्यानं थापल्या, आणि त्यातल्या पाच मामानं एकट्यानं खाल्ल्या.

ओटीचा तो रिकामा, ओला पदर आईनं भरल्यासारखा कमरेला खोचून मुकुंदवाडीपर्यंत आणला. घरी आलो तर बाबा दिवसभर वाट बघून कंटाळलेले, नळाचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीत आवाज झाला, हवा फुसफुसली आणि पाणी आलं. मी ड्रम सरकवायला उठले तर आई आधीच तिथं. तिनं ड्रमही लावला नव्हता आणि घागरही. धारेखाली नुसती ओंजळ धरून उभी होती.

"उठ गं," मला म्हणाली. "माझ्या माहेरचं पाणी आलंय."