आईच्या साडीला लागलेलं कुसळ

मंडळी, कधी कुसळांचे आभार मानलेत का? आज मी मानले.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला पहिल्यांदाच तिच्या माहेरी, वडिवळ्याच्या देवराईत नेलं. उन्हाळ्यातला अंजनीच्या झाडांचा निळा बहर, पावसातलं शेवाळ यंदा हुकलं होतं. आज ती स्वतःच्या पायांनी चालली!

देवराईतून काडीही बाहेर न्यायची नाही, अशी गावची रीत. निघताना बघते तर आईच्या साडीला कुसळंच कुसळं, आणि तिला वाकता येईना. सोबत आलेली तिची बालमैत्रीण, शांतामावशी, खाली बसून ती वेचू लागली. "हितलं हितंच ऱ्हाऊ दे."

"मी बी हितलीच की," आई म्हणाली, "मला बरं जाऊ दिलंस!" दोघी लय हसल्या.

घरी आल्यावर निऱ्यांत एक कुसळ सापडलं. आईने ते जपून डबीत ठेवलं.

"आता हे परत द्यायला उन्हाळ्यात जायलाच लागंल."