गळ्यातला पांढरा रुमाल

तिसरी घंटा होते, दिवे विझतात, खोकणारे शेवटचं खोकून घेतात आणि पडदा सरकतो. समोर दिवाणखाना. कोच, टेबल, खिडकीबाहेर कापडावर रंगवलेली बाग. पण रसिकहो, आज तिकडे बघू नका. खिडकीच्या डावीकडे काळ्या कापडाची फट आहे, तिथे नजर टाका. स्टूल, स्टुलावर चपटी झालेली उशी, उशीवर एक बाई, मांडीवर संहिता आणि डोक्याशी निळा कागद गुंडाळलेला बारका दिवा. ती तुम्हाला दिसायची नाही. दिसली तर तिचं काम चुकलं म्हणायचं.

ही आमची प्रॉम्प्टर. कंपनीत तिला सगळे कुजबुज म्हणायचे. कोणी विचारलंच तर म्हणायची, "बोंबाबोंब म्हणत नाहीत, हे काय कमी आहे?"

अडलेल्या नटाला शब्द असा द्यायचा की तो त्यालाच ऐकू जावा, पहिल्या रांगेला नाही. हे मोठ्याने बोलून जमत नाही आणि नुसत्या श्वासानेही जमत नाही. तिचा आवाज नेमका आपल्या कानाशी येऊन थांबायचा. शिवाय नट थांबलाय ते अभिनय म्हणून की विसरला म्हणून, हे तिला आमच्या आधी कळायचं. "विसरला की मान आखडते," एवढंच सांगायची.

तिचा नवरा कंपनीचा ट्रक चालवायचा. त्याला आम्ही सारथी म्हणत असू. माणूस मोठा गमत्या. मालकांपासून मास्तरांपर्यंत, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांपर्यंत, सगळ्यांच्या नकला करायचा. सेटचा अवजड दरवाजा एकटा पाठीवर घ्यायचा. लाडका होता तो आमचा, आता का खोटं बोला. एकच अडचण होती. वरच्या माणसाशी बोलताना तो मधेच एखाद्या शब्दापाशी अडायचा. आणि बायको शेजारी असली की तो शब्द हळूच पुढे करायची. मुद्दाम नव्हे. हाडीमाशी खिळलेली सवय.

"मला माझं वाक्य येतं गं बाई!" तो हसत म्हणायचा. "घरातसुद्धा विंगेतच बसते ही."

आम्हीही हसायचो.

एका दुपारी, संध्याकाळी प्रयोग असताना, तो घरी मालकांशी फोनवर बोलत होता. कंपनी नवा मोठा ट्रक घेणार होती, तो त्याला चालवायला हवा होता. बोलता बोलता अडला. ओट्यापाशी भाजी चिरणाऱ्या बायकोच्या तोंडून शब्द गेला, "जबाबदारी." पलीकडे मालकांना तो ऐकू गेला आणि ते खो खो हसले.

त्याने फोन ठेवला. आत येऊन तिला भिंतीशी दाबलं आणि दोन्ही हातांनी तिचा गळा धरला.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. त्या वेळी चाललेल्या नाटकात तिसऱ्या अंकात मी, म्हणजे नाटकातला नवरा, नायिकेचा गळा दाबत असे. त्यात माझे हात पोकळ. नायिका माझी मनगटं धरून स्वतःकडे ओढते, जोर सगळा तिचा, मी फक्त चेहरा करायचा. मग ती किंचाळते आणि शेजारी धावत येतात. कुजबुज हा प्रसंग प्रत्येक प्रयोगाला हाताच्या अंतरावरून बघायची. म्हणून तिनेही नवऱ्याची मनगटं धरली आणि किंकाळी फोडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आली तेव्हा ती जमिनीवर होती आणि तो पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसला होता. "नाटकं करू नकोस. ऊठ. गाडीला उशीर होतोय."

कपडे ओले झाले होते. ते तिने आधी धुतले, मग आरशात पाहिलं. मान स्वच्छ. थोडी लाली होती, तीही ओसरली. काही झालं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं आणि त्याच्याच ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसून थिएटरवर आली.

आवाज मात्र पार बसला होता. आणि आवाज बसलेल्या माणसासाठी आमच्या कंपनीत एक जुना रिवाज होता. त्याच्या गळ्यात पांढरा रुमाल बांधायचा. रुमाल असेपर्यंत मौन. त्याला कोणी काही विचारायचं नाही. बोलायला लावील त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. नाटकवाल्यांचा गळा हेच भांडवल, तेव्हा हा नियम देवासारखा पाळला जायचा. तिला बघताच चारचौघी धावल्या. कोणी गरम पाणी आणलं, कोणी ज्येष्ठमध आणलं. नायिकेने स्वतःच्या हाताने रुमाल बांधला. "आता एक अक्षर बोलायचं नाही हं, ताई. नुसती मान हलवायची."

दारात उभा राहून सारथी म्हणाला, "बरं झालं बांधलात. आता घरी शांतता!"

पुन्हा सगळे हसले.

त्या प्रयोगाला स्टुलावर मास्तर बसले. त्यांनी दिलेला प्रत्येक शब्द बाल्कनीपर्यंत गेला. ती आत रंगपटात बसून राहिली. रंगवाले काका, आमचे मेकअप करणारे, तिच्यासाठी चहा घेऊन आले. तिने घोट घेतला आणि तो नाकातून परत आला. तोंड पुसायला तिने मान वर केली तेव्हा आरशाभोवतीच्या दिव्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. काकांचा जन्म बोटभर अंतरावरून चेहरे बघण्यात गेलेला.

"इकडे बघ पोरी. वर बघ. डोळ्यांत हे लाल ठिपके कसले?"

तिने रुमालाकडे बोट दाखवलं.

"तो रुमाल गेला खड्ड्यात. चहा मी पाजतो सगळ्यांना. बोल."

पत्र्यावर कानस घासावी तशा आवाजात ती म्हणाली, "दाबला."

"काय दाबला?"

तिने रुमाल सोडला आणि स्वतःचाच हात गळ्यावर ठेवला.

काकांनी मान उलटसुलट पाहिली. "पण इथे तर काहीच उठलेलं नाही." संशय म्हणून नव्हे. तिसऱ्या अंकासाठी नायिकेच्या मानेवर जांभळी-निळी बोटं तेच रंगवायचे. गळा दाबल्यावर मान कशी दिसते, हे त्यांना आपल्या रंगाच्या डबीवरून ठाऊक होतं. क्षणभर ते बोटाला लागलेला रंग बघत राहिले. मग तसेच उठले, मागच्या दाराने तिला बाहेर काढून टॅक्सीत घातलं. अंक सोडून काका गेले, असं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई कामाच्या गर्दीत उभ्यानेच बिस्किट खात होत्या. मानेवर खूण नाही, हे काकांनी अपराध्यासारखं सांगितलं.

"पुष्कळांच्या नसते," त्या म्हणाल्या. "त्यावर जाऊ नका. तुम्ही बाहेर थांबा."

मग तिला विचारलं. श्वास कोंडला होता का? अंधारी आली का? मधला काही वेळ आठवत नाही, असं झालंय का? गिळताना दुखतं का? आणि शेवटी, अगदी सहज, "कपड्यांत लघवी झाली होती?"

तिला रडू आलं ते तेव्हा. त्यात तिला स्वतःची बेअब्रू वाटत होती, नवऱ्याची नव्हे. कपडे आधी धुतले ते त्यासाठीच.

"लाजायचं काय त्यात? मेंदूला रक्त पोचेना म्हणून ते झालं. तुम्ही मरणाच्या दारापर्यंत जाऊन आलात."

मानेचं स्कॅन झालं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या एका धमनीला आतून बारीक चीर होती. तिथे रक्ताची गाठ धरली असती आणि वर सरकली असती, तर आणखी काही दिवसांनी भाजी चिरता चिरता अर्धं अंग लुळं पडलं असतं, आणि दुपारच्या त्या प्रकाराशी कोणी त्याचा संबंध जोडला नसता. तिला ठेवून घेतलं. रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून स्वरयंत्र पाहिलं. सूज होती.

पोलीस आले. हवालदाराने आधी "घरगुती बाचाबाची" लिहायला घेतली. डॉक्टरीणबाईंनी लेखी मत दिलं की जिवावरच बेतलं होतं, तेव्हा कलम बदललं आणि सारथीला उचललं. तिच्या घराकडे फिरकू नये असा हुकूमही निघाला.

कंपनी दुभंगली. "संसारात भांड्याला भांडं लागतंच," म्हणणारे निघाले. खटल्यातून तो सुटला तर तो हुकूमही संपणार आणि तो सरळ घरी येणार होता. तिला दुसरं घर नव्हतं, आणि खूण नसलेली मान घेऊन तिला कोर्टापुढे उभं राहायचं होतं. आवाज होता तो असा फाटका.

कोर्टात त्याच्या वकिलांनी मलाच बोलावलं. "आपण दर प्रयोगाला गळा दाबता. कोणी दगावलं?"

"माझे हात पोकळ असतात."

"म्हणजे गळा दाबल्याचं सोंग उत्तम वठतं. आणि या बाई ते रोज जवळून बघतात, बरोबर?"

बरोबरच होतं. मी हो म्हटलं.

मग डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. स्कॅन दाखवलं. डोळ्यांतले ठिपके, बदललेला आवाज, गिळता न येणं, हे सगळं सांगितलं. ही चीर सोंगाने पडत नाही, एवढं बोलून त्या पाणी प्यायल्या. वकिलांनी पडल्यामुळे, मान मुरगळल्यामुळे, असं बरंच विचारून पाहिलं. त्यांनी प्रत्येकाला शांतपणे उत्तर दिलं.

कुजबुजची साक्ष लहानशी झाली. न्यायाधीश दोनदा म्हणाले, "जरा मोठ्याने." ती म्हणाली, "एवढाच उरलाय, साहेब." त्यांनी मग पंखा बंद करायला लावला.

शेवटी त्यांनी सारथीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. तो उभा राहिला. "साहेब, मी तिला फक्त... मी फक्त जरा..." आणि अडला. मान आखडली. सवयीने त्याची नजर बायकोकडे वळली. आम्हा सगळ्यांचीही वळली. तो शब्द तिला नक्की ठाऊक होता. तिने ओठ मिटून घेतले आणि समोरच्या बंद पंख्याकडे पाहत राहिली. तो तसाच खाली बसला.

त्याला काही वर्षांची कैद झाली. ऐकून ती हसली नाही, रडलीही नाही. घराचं कुलूप बदलायचं राहिलंय, एवढं काकांना म्हणाली.

धमनीची चीर भरून आली. आवाज पूर्ण आला नाही. कुजबुजल्याने स्वरयंत्रावर जास्त ताण येतो, म्हणून डॉक्टरांनी तिला नेमकं तेच मना केलं. ती परत आली ती साध्या, खरखरीत आवाजात शब्द द्यायला. तो तिसऱ्या रांगेपर्यंत जायचा. मास्तर म्हणाले, "जाऊ दे. लोकांनी तिकीट काढलंय, ऐकू देत." रुमालाचा रिवाज अजून आहे, पण बांधायच्या आधी आता विचारतात, "कशाने बसला?"

तिसऱ्या अंकातला तो प्रसंग मास्तर काढूनच टाकणार होते. ती नको म्हणाली. काकांना मान रंगवू नका म्हणाली आणि नायिकेला किंचाळू नकोस म्हणाली. मी त्या तालमीला उशिरा पोचलो, त्यामुळे हा बदल मला कोणी सांगितला नव्हता. मी हात पुढे केले, चेहरा केला आणि किंकाळीची वाट बघत थांबलो. नायिकेचं तोंड उघडं, आवाज नाही. मला वाटलं, पोरगी विसरली. मी काळ्या कापडाच्या फटीकडे पाहिलं.

"वाक्य नाहीये, दादा," ती म्हणाली. "थांबा."